पंचेचाळीस वॉट की पंच्याऐंशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला फ्लॅट, १२ बाय १५ फुटांचा हॉल. केईएफचे क्यू३५० स्पीकर घेऊन झालेत, ॲम्प्लिफायर मात्र मित्राचा मागून आणलाय. वडिलांचा टर्नटेबल आहे, सोबत शंभरेक एलपी आणि नाट्यसंगीताच्या थोड्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. टीव्हीचा आवाजही याच स्पीकरमधून हवा. तीन इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरांवर येऊन गाडी अडलीय: मरँट्झ पीएम६००७, यामाहा ए-एस५०१ आणि केंब्रिज ऑडिओ सीएक्सए६१. दुकानदार म्हणतो केंब्रिज घ्या. मेव्हणे म्हणतात ज्याचे वॉट जास्त ते घ्या.

मी ठाण्यात गेली अठ्ठावीस वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, विकत नाही. त्यामुळे माझं मत उघडलेल्या डब्याच्या बाजूने येतं, शोरूमच्या सोफ्यावरून नाही, हे आधी सांगून ठेवतो.

मेव्हण्यांपासून सुरुवात करू. वॉटचं हे वेड त्यांचं एकट्याचं नाही. आपल्याकडे एक पिढी ‘५००० वॉट पीएमपीओ’ असं स्टिकर लावलेल्या टू-इन-वनवर वाढली. आतला ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा आणि बाहेर पाच हजार. तुमच्या तिन्ही कंपन्या असला खोटेपणा करत नाहीत. त्यांचे आकडे ८ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध), दोन्ही चॅनेल चालू ठेवून दिलेले: मरँट्झ ४५ वॉट, केंब्रिज ६०, यामाहा ८५. आकडे खरे आहेत, पण आपले कान वॉट मोजत नाहीत. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ‘जरा मोठा झाला वाटतं’ इतपत. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॉट दसपट. पंचेचाळीस आणि पंच्याऐंशी यांच्यातला फरक तीन डेसिबलही नाही.

आता तुमच्या हॉलचा हिशेब. क्यू३५० ची संवेदनशीलता ८७ डेसिबल, म्हणजे ८ ओहम धरले तर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८७. दोन स्पीकरचे तीन वाढतात. तुम्ही तीन मीटरवर बसणार, त्याचे बंद खोलीत पाचसहा जातात. ढोबळमानाने सोफ्यावर ८४ डेसिबल, आणि तेही एका वॉटमध्ये! घरात ८४ डेसिबल म्हणजे स्वयंपाकघरातून ‘जरा कमी करता का?’ असा आवाज येण्याची पातळी. तुम्ही निवांत ऐकाल ते सरासरी ७०-७५ वर. तबल्याची थाप, पखवाजाचा घुमारा असे क्षण सरासरीच्या पंधरा-अठरा डेसिबल वर उसळतात, तेवढ्यापुरते आठेक वॉट लागतात. बाकी सगळा वेळ हे यंत्र वॉटाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास चालणार.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. मित्राचा ॲम्प घरात आहेच. साधा मल्टीमीटर लागेल, पुण्याच्या बुधवार पेठेत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतो. लॅपटॉपवरून तुमच्या आवडीचं गाणं लावा आणि घरी कधीतरी ऐकाल असा मोठ्यात मोठा आवाज करा. आता व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावायचा नाही. ॲम्प बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या पिना ॲम्पच्या मागच्या, स्पीकरच्या टर्मिनलवर धरा आणि ॲम्प पुन्हा चालू करा. त्याच लॅपटॉपवरून, त्याच इनपुटवर, उणे १२ डेसिबलचा १०० हर्ट्झचा टेस्ट टोन वाजवा. जो आकडा येईल त्याला चारने गुणा (उणे १२ डेसिबल म्हणजे पाव व्होल्टेज), त्याचा वर्ग करा, आठने भागा. समजा १.९ व्होल्ट आले, तर चारपट ७.६, वर्ग ५८ च्या आसपास, भागिले आठ, म्हणजे सव्वासात वॉट. मी ज्यांच्याकडून हे करून घेतलंय त्यांच्यापैकी बहुतेकांचा आकडा पंधराच्या आत आला आणि जवळजवळ सगळ्यांचे चेहरे पडले. (ॲम्प व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा असेल तर हा प्रयोग करू नका. स्पीकर न जोडता तो चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.)

मग जास्त वॉट फुकट का? तसंही नाही. दुरुस्तीला येणाऱ्या स्पीकरमध्ये जळलेले ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बरेच असतात आणि ते बहुधा लहान ॲम्पने जाळलेले असतात. एका गिऱ्हाइकाच्या भाच्याने घरातला छोटा ॲम्प गणपतीत सोसायटीच्या गच्चीवर नेला, आरतीच्या वेळी व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला आणि तासभर तसाच ठेवला. ॲम्पची झेप संपली की तो लाटेचं डोकं छाटून सपाट करतो, याला आम्ही क्लिपिंग म्हणतो. त्या छाटलेल्या लाटेत वरच्या सुरांची ऊर्जा अवाजवी वाढते आणि ती सगळी बिचाऱ्या ट्वीटरच्या केसाएवढ्या वायरीत जाते. ॲम्पला काही झालं नाही. ट्वीटर मात्र दोन्ही गेले. तेव्हा वॉट जास्त असलेले बरेच, फक्त त्यांच्यासाठी बाकीच्या गोष्टी सोडू नका.

वॉटपेक्षा मी आधी बघतो करंट. तुमच्या स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो एकाच जागी उभा राहणारा ८ नाही. सुरागणिक तो वरखाली होतो आणि क्यू३५० काही सुरांना ३.७ पर्यंत उतरतो, हे केईएफ स्वतःच छापते. त्या जागी ॲम्पला दुप्पट करंट पुरवावा लागतो. म्हणून माहितीपत्रकात ४ ओहमचा आकडा शोधा. आदर्श ॲम्प ८ वरून ४ वर येताना वॉट दुप्पट करील. मरँट्झ ४५ वरून ६० वर जातो, केंब्रिज ६० वरून ९० वर. हे दोन्ही आकडे या किमतीला सभ्य आहेत, आणि तुमच्या हॉलला लागणारे आठ-दहा वॉट बघता तिघांपैकी एकही ॲम्प क्यू३५० समोर धापा टाकणार नाही.

याचं जुनं उदाहरण म्हणजे १९७८ चा एनएडी ३०२०. ब्यॉर्न एरिक एडवर्डसन या नॉर्वेजियन अभियंत्याची रचना, कागदावर फक्त २० वॉट. पण क्षणभराची गरज पडली की तो त्याहून बरंच काही देऊ शकायचा, आणि भरपूर करंट मागणाऱ्या स्पीकरसमोर मोठमोठे आकडे मिरवणाऱ्यांना भारी पडायचा. माझ्याकडे अजूनही वर्षाकाठी एखादा ३०२० येतो. मागचा स्विच खराब, बटणं खरखरणारी, पण नवे कॅपॅसिटर घातले की वाजतो.

आता तुम्ही म्हणाल, आवाजाचं काय? मरँट्झ ऊबदार, यामाहा कोरडा, केंब्रिज ‘डिटेल’वाला असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझं मत रोखठोक आहे. त्यांच्या ताकदीच्या आत वाजवले, व्हॉल्यूम अगदी सारखा केला आणि कुठला चालू आहे ते सांगितलं नाही, तर या तिघांतला फरक ओळखायला घाम फुटेल. फरक अजिबात नसतो असं मी म्हणत नाही. पण स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढला तर होणारा बदल त्याच्या कितीतरी पट असतो. उघड्या मार्बलवर एक जाड सतरंजी टाका, तिचा परिणाम तर शेजाऱ्यालाही कळेल.

दुकानात ऐकताना एक सापळा लक्षात ठेवा. दोन ॲम्पपैकी जो अर्धा डेसिबल मोठा वाजतो तो आपल्याला ‘जास्त मोकळा, जास्त जिवंत’ वाटतो. मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. ज्याच्यावर दुकानदाराचं मार्जिन जास्त तो नेहमी किंचित मोठा लागतो, असं मी म्हणणार नाही, पण तो मल्टीमीटर खिशातून न्या. दोन्हीवर तोच टोन लावून टर्मिनलवरचे व्होल्ट सारखे करून घ्या आणि मग ऐका. कुणी ‘दोनशे तास वाजवल्यावर खुलेल’ म्हणाला, तर दोनशे तासांनी परत करता येईल का, एवढंच विचारा.

तुमच्या प्रश्नातली खरी निर्णायक ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय: वडिलांचा टर्नटेबल. तिथे जरा थांबतो.

सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. टर्नटेबलचा कार्ट्रिज, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा भाग, नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट जातीचा असेल तर देतो चारेक मिलिव्होल्ट, पाचशेव्या हिश्श्याएवढा. शिवाय रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, नाहीतर खर्जाच्या रुंद वळणांनी खाच शेजारच्या खाचेत घुसली असती. हा आरआयएएचा वक्र उलटा करून सपाट करणं आणि सिग्नल मोठा करणं ही दोन कामं फोनो स्टेज करते. मरँट्झ आणि यामाहा दोघांतही मूव्हिंग मॅग्नेटसाठी ती आतच आहे. सीएक्सए६१ मध्ये नाही. दुकानदाराने हे सांगितलं नसणार. केंब्रिज घेतला तर फोनोची वेगळी डबी, तिचा वेगळा ॲडॉप्टर आणि आणखी एक वायर असा संसार वाढतो.

पण आधी टर्नटेबलखाली वाकून बघा की कार्ट्रिज कुठल्या जातीचा आहे. वडिलांचा प्लेअर जुना पेटीतला असेल, एचएमव्हीच्या फिएस्टासारखा, तर त्यात सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असणार. तो मिलिव्होल्ट नाही, व्होल्टाच्या हिशेबात बोलतो. तो फोनो इनपुटला लावला तर कर्कश, फाटका आवाज येतो आणि लोक ॲम्प बिघडला म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. उलट प्रकारही होतो. हल्लीच्या बऱ्याच स्वस्त टर्नटेबलांत फोनो स्टेज आतच असते आणि मागे फोनो-लाइन असं छोटं बटण असतं. ते लाइनवर ठेवून वायर फोनोत खुपसली की दोनदा खर्ज चढतो आणि बाई गाते आहे की बुवा, हे कळेनासं होतं.

७८ च्या तबकड्यांसाठी तर वेगळीच सुई लागते. त्यांची खाच एलपीच्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी लोळत जाते, सगळी धूळ आणि खरखर गोळा करते आणि सुरांच्या भिंतींना नीट टेकतच नाही. बऱ्याच कार्ट्रिजना ७८ ची सुई वेगळी मिळते, दाताने उघडायच्या टोपणासारखी पुढे ओढून बदलायची. टर्नटेबलला ७८ चा वेग आहे ना, तेही पाहा. आणि एक गंमत, जी तुमच्या निवडीला थेट भिडते. आरआयएएचा वक्र सर्वमान्य झाला १९५४ च्या सुमारास. बालगंधर्वांच्या तबकड्या त्याच्या कितीतरी आधीच्या, त्या वेळी ज्याचा त्याचा वक्र वेगळा. आजच्या फोनो स्टेजमधून त्या वाजवल्या तर तोल ढळलेलाच येणार, बहुधा वरचा भाग दबलेला. मग हाताशी काय उरतं? बास आणि ट्रेबलची बटणं. शुद्धतावादी लोक त्यांना नाकं मुरडतात. मी मात्र ट्रेबल थोडा चढवून, बास जरा उतरवून ऑर्गनच्या मागून गळा पुढे येताना ऐकलाय, त्यामुळे मला ती बटणं हवीतच. मरँट्झ आणि यामाहावर ती आहेत. सीएक्सए६१ वर नाहीत.

यामाहावर आणखी एक बटण आहे, लाउडनेसचं, आणि ते नुसतं चालू-बंद नाही, फिरवायचं आहे. आवाज कमी केला की कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. रात्री अकराला हळू आवाजात तानपुरा पातळ आणि तबल्याचा डग्गा गायब वाटतो तो यामुळेच. यामाहाच्या पद्धतीत लाउडनेस सपाटवर ठेवून व्हॉल्यूम मोठ्यात मोठ्या आवाजाला लावायचा आणि मग आवाज लाउडनेसच्याच बटणाने उतरवायचा, म्हणजे खर्ज सोबत राहतो. बहुतेक लोक पुस्तिका वाचत नाहीत, आधी व्हॉल्यूम उतरवतात, मग लाउडनेस पिळतात आणि ‘बटण काही करत नाही’ म्हणतात.

टीव्हीचं पटकन सांगतो. तिन्हीत ऑप्टिकल इनपुट आहे. जोडल्यावर शांतता पसरली तर घाबरू नका. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करा. डॉल्बीचा सिग्नल या ॲम्पना कळत नाही. ऑप्टिकलचा आणखी एक फायदा म्हणजे काचेसारख्या तंतूतून वीज जात नाही, त्यामुळे केबलवाल्याच्या वायरीतून येणारा हम ॲम्पमध्ये शिरत नाही. साध्या आरसीए वायरीने टीव्ही जोडला की ‘हुंऽऽ’ सुरू, आणि केबलची पिन काढली की बंद, असं मी पन्नास घरांत पाहिलंय. फोनवरून ब्लूटूथने ऐकायचं असेल तर ते फक्त केंब्रिजमध्ये आहे. बाकीच्या दोघांना एक छोटा रिसीव्हर लावा. या एका सोयीसाठी ॲम्प निवडू नका.

दुरुस्तीचं मात्र विचारा, आणि नीट विचारा. पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न: वॉरंटीनंतर आउटपुट बोर्ड गेला तर नाशिकमध्ये कोण उघडणार, आणि सुटे भाग किती दिवसांत? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या. तिघेही क्लास एबी या जुन्या, सरळ पद्धतीचे, साध्या ट्रान्सफॉर्मरचे. असे ॲम्प आमच्यासारखा कुणीही उघडून, ट्रान्झिस्टर शोधून उभे करू शकतो. नव्या पातळ क्लास डी ॲम्पमध्ये वाईट काही नाही, थंड चालतात, वीज वाचवतात, पण बोर्ड गेला की अख्खा बदलायचा, आणि तो मिळाला तर.

क्लास एबी तापतो, म्हणून त्याला हवा लागते. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबून वर सेटटॉप बॉक्स ठेवलेले ॲम्प मी पाहतो तेव्हा आतले कॅपॅसिटर मला दिसायला लागतात. दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर चार बोटं नव्हे, वीतभर जागा सोडा. आणि ती उबदार जागा फक्त आपल्यालाच आवडत नाही. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका ॲम्पमध्ये पॉवर सप्लायच्या दोन पायांवर एक पाल पूल बांधून वाळली होती. वरच्या झरोक्यांवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवू नका, त्याने हवा अडते. रात्री ॲम्प भिंतीवरच्या बटणावर बंद करा, मग ऊब नाही आणि पाहुणेही नाहीत.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. तिकडचा ॲम्प १२० व्होल्टचा, इथे २३० वर लावला की धूर. स्टेप-डाउन लावला तरी ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापू शकतो, कधी गुणगुणतोही. वॉरंटी नाही ते वेगळंच.

तुमच्या जागी मी ए-एस५०१ घेतला असता. पंच्याऐंशी वॉटसाठी नाही. फोनो, टोनची बटणं, फिरणारा लाउडनेस आणि साधी बांधणी या चार गोष्टींसाठी. फिरणारा लाउडनेस नको असता तर मरँट्झवर मी तितकाच खूश असतो, आणि किमतीत मोठा फरक पडत असेल तर आजही मरँट्झ घ्या, उरलेल्या पैशात ७८ ची सुई आणि सतरंजी येईल. सगळं लॅपटॉपवरूनच ऐकणार असाल तर केंब्रिजच्या यूएसबीला अर्थ आहे, पण मग तुम्ही टर्नटेबलचा उल्लेख केला नसता.

दुकानात जाण्याआधी टीव्ही युनिटचा कप्पा मोजा. ए-एस५०१ सुमारे ४४ सेंटीमीटर रुंद, १५ उंच आणि ३९ खोल आहे, मागे वायरी वळायला आणखी पाचसहा धरा, आणि वरची वीतभर विसरू नका. नाहीतर सुताराला बोलवावं लागेल, आणि तो ॲम्पपेक्षा जास्त दिवस घेईल.